हरला की जिंकला?



किप्पूर जवळ आला असता मी एका कादंबरीविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. मी न्यूझीलंडमध्ये राहतो. तेथील उत्तर बेटावर नाउरुहोए नावाचा ज्वालामुखी पर्वत असून तो माओरी लोकांना पवित्र आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटांत अग्निपर्वत म्हणून तोच दाखवला गेल्यामुळे आता जगभरचे प्रवासी तेथे येतात. गतवर्षी माझ्या बारा वर्षांच्या नातवाने मला तेथे नेले आणि घरी परतल्यावर टॉल्किन यांची मूळ कथा माझ्याकडून रोज रात्री वाचून घेतली.

१९५४-५५ साली तीन खंडांत निघालेली ही कथा आजही लहानथोरांना का धरून ठेवते? पुराणकथांतील वीर बहुधा काही मिळवण्यासाठी निघतो. येथे फ्रोडो नावाचा एक लहानखुरा, घरकोंबडा जीव एक दुष्ट अंगठी अग्नीत टाकून देण्यासाठी निघतो. कामगिरी त्याने मागितलेली नाही. जळत्या झुडपापुढे ‘दुसऱ्या कोणाला पाठव’ म्हणणारे मोशे रब्बेनू आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून असा नायक आपल्याला परका वाटत नाही.

परंतु शेवटी नातू अडला. इतके कष्ट सोसून फ्रोडो अग्नीच्या कड्यावर पोहोचतो आणि ऐन क्षणी त्याचे मन फिरते. अंगठी टाकवत नाही. तेव्हा गॉलम हा तिचाच लोभी तिच्यावर झडप घालतो आणि तिच्यासह अग्नीत पडतो. या गॉलमला मारण्याची संधी पूर्वी फ्रोडोच्या एका वडीलधाऱ्या नातलगाला, आणि पुढे फ्रोडोलाही, मिळाली होती. दोघांनीही दया केली होती. नातवाने विचारले, “आजोबा, मग फ्रोडो हरला की जिंकला?”

मला उत्तर देता आले नाही.

१९१६ साली सोमच्या रणभूमीवर टॉल्किन तरुण अधिकारी होते. महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र गेले. माणसाच्या बळाला अंत असतो, हे त्यांनी पाहिले होते. याच टॉल्किन यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी जेरुसलेम बायबलसाठी योनाच्या ग्रंथाचे भाषांतर केले. तोच ग्रंथ आपण किप्पूरच्या दुपारी वाचतो.

त्या वर्षीच्या किप्पूरला तो ऐकताना मी दचकलो. योना आधी पळाला, मग गेला, काम पार पडले. आणि निनवेला क्षमा मिळाली म्हणून रागावून नगराबाहेर जाऊन बसला. कोकणातील वडिलोपार्जित घरावरून माझे थोरल्या बंधूंशी नऊ वर्षे बोलणे नव्हते. मी बरोबर आहे, एवढे धरून मी समुद्रापार बसलो होतो. तो बाहेर बसलेला योना मीच होतो.

आपले वाडवडील किप्पूरला घराची दारे लावून उपास करीत आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, एकमेकांच्या घरी जात. त्या शिळ्या सणाला मी दादांना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिकडे थंडी आहे का रे?”

घराचा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र आज मी त्यांच्याच घरून येथे आलो आहे.

नातवाला मी एवढेच सांगितले: फ्रोडोचे बळ हरले, पण त्याने केलेली दया जिंकली. अशा कथा आपण पुन्हा पुन्हा वाचतो, कारण शेवटच्या कड्यावर आपलेही बळ सरणार, हे आपण जाणतो. आधी कोणाला क्षमा केली असेल, तर तीच त्या वेळी कामी येते. येत्या शिळ्या सणाला कोणाचे दार वाजवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.