मशीन आपलं, मग पेचकस कुणाच्या हातात?

आज आपल्या घरातल्या वस्तूंबद्दल बोलू. शिलाई मशीन, कुकर, गॅसची शेगडी, आणि आता काहीजणींकडे स्कूटीसुद्धा. हप्ते आपण भरतो, रोज वापरतो आपणच. पण वस्तू अडली की पहिला शब्द निघतो, “हात लावू नको, बिघडेल.”

आधी मशीन घेऊ, कारण त्यावर पोट आहे. आमच्या गटात बहुतेकींकडे पायाचं काळं मशीन आहे. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचं काम येतं आणि नेमकं तेव्हाच मशीन रुसतं. मग त्याचं मुंडकं पोत्यात बांधायचं, एसटीत चढवायचं, तालुक्याला न्यायचं. कारागीर भेटला तर ठीक, नाहीतर तिथंच ठेवून परत. दोन-तीन दिवसांची शिलाई बुडते, भाडं वेगळं. आणि बरेचदा दुखणं काय निघतं? बोथट सुई, नाहीतर दातांखाली साचलेला कापसाचा बोळा.

म्हणून काही गोष्टी घरच्या घरी बघायच्या. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ झाली की आपण बॉबिनला दोष देतो. पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. फूट वर उचलून वरचा दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून नीट ओवा. अर्धी भांडणं तिथंच मिटतात. टाके सुटत असतील तर सुई बदला. सुईला एका बाजूला लांब खोबण असते, तिच्याच बाजूनं दोरा ओवायचा. जुनी सुई काढताना तिची चपटी बाजू कुठं होती ते बघून ठेवा आणि नवी तशीच, पार वरपर्यंत सारून बसवा. पातळ कापडाला ११ नंबर, रोजच्या सुतीला १४, जाड कापडाला १६ किंवा १८. एकाच सुईनं वर्षभर ब्लाउजही शिवायचे आणि गोधडीही, हे चालत नाही.

तेलाचं तर सांगायलाच हवं. खोबरेल घालू नका, गोडंतेल तर नाहीच. खाण्याचं तेल आत चिकट होऊन बसतं, आणि खोबरेल थंडीत गोठतं. सकाळी मशीन जड चालतं ते त्यामुळं. मशीनचंच पातळ तेल आणा, प्रत्येक भोकात एक थेंब, आणि नंतर एका चिंधीवर थोडं शिवून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडणार नाही. चामड्याचा पट्टा सैल पडला असेल तर बोटाच्या पेराएवढा कापून हूक पुन्हा अडकवायचा. त्यासाठी तालुक्याला जायचं कारण नाही.

काहीजणी म्हणतात, “आधीच कामं कमी आहेत का? त्यात हे दुरुस्तीचं काम आणखी आमच्याच गळ्यात?” हे म्हणणं आम्हाला खोटं वाटत नाही. म्हणून आमचं मत असं, की जो वस्तू वापरतो त्यानं शिकावं. कुकर सगळ्या घराचा आहे, तर त्याची रिंग बघायला घरातल्या माणसांनीही शिकावं. आणि सगळं आपणच दुरुस्त करायचं असंही नाही. पण “मशीन बिघडलंय” म्हणणारीला वाटेल ते बिल लावता येतं. “सुई बदलली, दोरा नव्यानं ओवला, तरी टाके सुटतात, टायमिंग बघा,” असं म्हणणारीशी कारागीर वेगळं बोलतो.

बाईला पाना झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून गावातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. आणि तो हातपंप म्हणजे इंडिया मार्क दोन, ज्याची मुळं आपल्या जालना-सोलापूरकडच्या पंपांत आहेत. पुढं मार्क तीन आला. त्यात पाइप न उपसता आतला दट्ट्या वरून बाहेर काढता येतो, म्हणजे गावातल्या गावात दुरुस्ती व्हावी म्हणून पंपच तसा बनवला. आपणही दुकानात नुसता रंग बघू नये, ही वस्तू उघडता येते का, तिचे भाग तालुक्यात मिळतात का, हेही विचारावं.

आता कुकर. इथं पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. झाकण लावण्याआधी शिट्टी काढून तिची नळी उजेडाकडे धरा. आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस आत सुकून बसतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा घ्या. तिथं कणीक, तार, स्क्रू काही कोंबू नका, कुणी कितीही सांगो. रिंग कडक झाली, भेगाळली की बदला.

गॅसची नळी आपण बघायची, तिच्यावरची तारीख वाचायची, आणि गळती शोधायची ती साबणाच्या फेसानं, काडी पेटवून कधीच नाही. पण रेग्युलेटर उघडायचा नाही. विजेच्या मोटारीचंही तसंच. बटण बंद, पिन बाहेर, आणि पुढचं काम जाणत्याचं. स्कूटीचं म्हणाल तर चाकातली हवा आणि इंजिनऑइल बघणं जमायला हवं, आणि ब्रेक सैल झालेला चालवणारीच्या बोटांना सगळ्यात आधी कळतो. तो कळला की त्याच दिवशी दाखवायचा.

आमच्या गटानं एक डबा केला आहे. त्यात दोन पेचकस, तेलाची कुपी, जुना टूथब्रश, सुयांची पाकिटं आणि पट्ट्याचे हूक. डबा ज्या घरी असेल तिथं वही, नेला की नाव लिहायचं. पुढच्या बैठकीला मशीनवाल्यांनी आपापली जुनी सुई घेऊन यावं. काचेवर तिची चपटी बाजू टेकवली की वाकलेली लगेच दिसते. काचेचा तुकडा आम्ही आणू.