घरांतील बिनतारी आणि तिचे रुसवे

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें तें मुलांस गणित व भूगोल शिकविण्यांत. तेव्हां वाय-फायसारख्या विषयावर मीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु या बाबतींत माझ्या हातून घरांत एक अन्याय घडला, आणि त्याचें निवारण करतांना जें कांहीं शिकलों तें आपणांस उपयोगीं पडेल, असें मला वाटतें.

आमचें बिऱ्हाड मुलुंडला, दोन खोल्या व स्वयंपाकघर. माणसें पांच, पण वाय-फायला जोडलेलीं उपकरणें मोजलीं तीं अकरा भरलीं! रोज रात्रीं आठच्या सुमारास आमच्या सौ. परदेशीं असलेल्या मुलीशीं व्हिडिओ कॉलवर बोलावयास बसत, आणि नेमका त्याच वेळीं मुलीचा चेहरा पडद्यावर थिजून जाई. हा नातवाच्या खेळांचा परिणाम होय, असें मीं चौकशी न करतांच ठरवून टाकलें. त्याचा फोन संध्याकाळीं माझ्या कपाटांत जाऊं लागला. आठवडा लोटल्यावर मुलगा शांतपणें म्हणाला, “आजोबा, फोन तर आठ दिवस तुमच्या कपाटांत बंद आहे. मग आत्याचा कॉल आतां कोण अडवतें?” पुराव्यावांचून शिक्षा करूं नये, असें वर्गांत जन्मभर सांगत आलेल्या माणसास हा प्रश्न चांगलाच झोंबला.

मग मीं एक वही घातली. कॉल कोणत्या वेळीं, कोणत्या खोलींत आणि घरांत काय चाललें असतां तुटला, एवढेंच तींत लिहावयाचें. तुटल्याबरोबर राउटर बंद करून पुन्हां चालू करण्याची आपणां सर्वांस जी खोड आहे, ती मात्र आवरावयाची. त्यानें घटकाभर बरें वाटतें, पण पुरावा नाहींसा होतो.

पहिला प्रश्न असा कीं, दोष बाहेरच्या तारेंत आहे कीं घरांतल्या हवेंत? आपल्या उपनगरांत कित्येक ठिकाणीं ही तार गच्चीवरून गच्चीवर लोंबकळत येते. पावसाळ्यांत तिचा संशय येणें साहजिक आहे. तथापि निवाडा सोपा आहे. संगणक तारेनें थेट राउटरला जोडावा. तेथेंही खंड पडत असेल, तर तक्रार कंपनीकडे न्यावी. तेथें सुरळीत चालत असेल, तर कंपनीशीं भांडून उपयोग नाहीं. मी आधींच भांडून चुकलों होतों, आणि तपासणीस आलेल्या तरुणास चहासुद्धां विचारला नव्हता.

आतां हवेंतला प्रवास. नभोवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांबीच्या असतात. बहुतेक घरगुती राउटरच्या लहरी दोन जातींच्या: २.४ गिगाहर्ट्झच्या सुमारें साडेबारा सेंटीमीटर लांब, आणि ५ गिगाहर्ट्झच्या साडेपांच सेंटीमीटरांच्या आसपास. दुसरी जात वेगवान, पण भिंत लागली कीं लवकर थकते. पहिली भिंतीपार अधिक जाते, पण तिच्या वाटेवर गर्दी फार. त्या पट्ट्यांत एकमेकांस न अडणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. आमच्या खिडकींत फोन उघडला, तर शेजाऱ्यांचीं सत्तावीस नांवें दिसलीं! अंधेरी-बोरिवलीच्या उंच इमारतींत याहून अधिक दिसत असतील. एके काळीं नुसता रेडिओ ऐकावयासही परवाना लागे, हें वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. उलट हा पट्टा सरकारनें २००५ सालीं परवान्यावांचून खुला केला, म्हणून आज घरोघर एकेक लहानसा प्रक्षेपक आहे.

शिवाय एका वाटेवर साधारणतः एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, इतरांनीं थांबावयाचें, असा वर्गासारखा नियम आहे. लांबच्या खोलींतलें उपकरण, नीट ऐकूं येत नसल्यामुळें, सावकाश व पुन्हां पुन्हां बोलतें, आणि त्याच्यापायीं सारा वर्ग ताटकळतो. म्हणून उपकरणें किती, यापेक्षां कोणतें कोठें बसलें आहे, हें अधिक पाहावें. जोडीला ‘रिपीटर’ घ्यावयाचा झाल्यास तो अर्ध्या वाटेवर लावावा. ज्यास स्वतःलाच ऐकूं येत नाहीं, तो दुसऱ्यास काय सांगणार?

वहीनें सात दिवसांत दोन गुन्हेगार दाखविले. पहिला मीच. दिसावयास बरें दिसावें म्हणून राउटर मीं लोखंडी कपाटामागें, जमिनीलगत ठेवविला होता. धातूवरून या लहरी माघारीं फिरतात. दुसरा निघाला मायक्रोवेव्ह. तो सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि दार बंद असलें तरी किंचित् गळती होते. माणसास ती बाधत नाहीं, पण शेजारच्या वाय-फायला बाधते. आठ वाजतां सूनबाई त्यांत आमटी गरम करीत, आणि दोन हातांवर, स्वयंपाकघराच्या दारांत, सौ. कॉलला बसत.

राउटर बाहेर काढून पुस्तकांच्या मांडणीवर ठेवला, टीव्ही तारेनें जोडला, सौ.चा फोन ५ च्या पट्ट्यावर नेला. नातवाची मीं माफी मागितली. ती त्यानें दिली, पण अट घातली कीं, राउटरचा पासवर्ड यापुढें त्याच्या हातीं राहील. ती मीं मान्य केली. आतां आठ वाजतां मुलगी पडद्यावर हंसते, बोलते. आणि आमटी आम्ही गॅसवर गरम करतों.