डोळ्यांचे वावडे



एखाद्याने वांगे खाल्ले की त्याच्या अंगावर पित्त उठते. शेजारच्या पाटावर बसलेला माणूस तेच वांगे चवीने खातो आणि त्याला काहीच होत नाही. आपण म्हणतो, याला वांग्याचे वावडे आहे. असेच वावडे डोळ्यांनाही असते. ते गवताच्या व फुलांच्या परागांचे असेल, घरातल्या धुळीचे, ओलीतल्या बुरशीचे किंवा जनावरांच्या केसांतील कोंड्याचे असेल. डॉक्टर याला ‘ॲलर्जी’ म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी १९०६ साली हा शब्द घडवला. पण दुखणे त्याहून जुने आहे. जॉन बॉस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात आपल्या डोळ्यांना व छातीला होणारा त्रास १८१९ सालीच लिहून ठेवला होता. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी गवताचे पराग स्वतःवरच आजमावले आणि त्रासाचे मूळ त्यांत आहे हे १८७३ साली दाखवून दिले.

आता डोळ्यात घडते काय, ते पाहू. पापणीच्या आतून आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ अस्तर असते. त्यात शरीराच्या पहारेकरी पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टमिन नावाचे द्रव्य साठवलेले असते. ज्याला वावडे आहे त्याच्या डोळ्यात पराग शिरला, की हे पहारेकरी पाहुण्यालाच चोर समजतात आणि हिस्टमिन सोडतात. लगेच खाज सुटते, डोळा लाल होतो, पापण्या सुजतात, पाणी वाहू लागते. डोळा चोळला तर त्या पेशी आणखी फुटतात आणि खाज वाढते. म्हणजे चोळणे हे खाजेवरचे औषध नव्हे, ते तिचे खतपाणी आहे!

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पुढचा भाग नीट ध्यानात घ्यावा. लाल डोळ्यांचा मुलगा वर्गात दिसला, की ‘डोळे आलेत, घरी जा’ असे सांगण्याची आपली रीत आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली, तेव्हा ते योग्यच होते. पण प्रत्येक लाल डोळा साथीचा नसतो. साथीत बहुधा एक डोळा आधी येतो, मग दुसरा. डोळ्यात खुपते, चिकट घाण येते आणि घरातल्या आणखी कोणाचे तरी डोळे आलेले असतात. वावड्यात मुख्य तक्रार खाजेची. दोन्ही डोळे खाजतात, पांढरा दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो, बरोबर शिंका येतात आणि दर वर्षी त्याच दिवसांत त्रास उलटतो. पुष्कळदा अशा मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना दमा वा इसब असतो. वावडे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पण वावडे ठरल्यावर मुलाची शाळा बुडवू नये आणि त्याला वेगळेही बसवू नये.

हा विकार काही विरळा नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभरांतील दहा ते वीस माणसांना तो कमी-अधिक प्रमाणात असल्याचे आढळते. त्याचा एक तीव्र प्रकार आपल्यासारख्या उष्ण, कोरड्या मुलखात अधिक दिसतो. तो साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. वरची पापणी उलटून पाहिली तर आत फरसबंदीसारखे उंचवटे दिसतात. उजेड सहन होत नाही. बहुतेकांचा त्रास वयात आल्यावर ओसरतो. पण तोवर डोळा सांभाळावा लागतो. वर्षानुवर्षे चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येऊ शकतो, त्यावर जखमही होऊ शकते.

मग करावे काय? पहिला उपाय फुकटचा आहे. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. शेतातून आल्यावर तोंड-हात धुवावे. मळणी-उफणणीच्या वेळी चष्मा लावावा, डोक्याला पंचा गुंडाळावा. घरात कोरडी झाडलोट करण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. अंथरुणे-पांघरुणे उन्हात टाकावी. गाजरगवत पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास दिसले आणि नंतर देशभर पसरले. त्याच्या परागांचे वावडे अनेकांना असते. तेव्हा शाळेच्या श्रमदानात मुलांकडून ते उपटून घेऊ नये. मोठ्यांनी, हातमोजे घालून आणि फुले येण्यापूर्वीच ते काढावे. डोळ्यात मध, कांद्याचा रस, अंगावरचे दूध असले काही घालू नये.

एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वावड्यावरचे थेंब घ्यावे. ऑलोपॅटॅडीनसारखे थेंब लवकर गुण देतात. क्रोमोग्लायकेटला काही दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांत ‘गुण नाही’ म्हणत बाटली टाकू नये. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही थेंबांत स्टिरॉइड असते. ते घातले की लाली चटकन जाते, म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा दुकानातून आणतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. आणि दाब वाढताना बहुधा दुखतही नाही, हीच खरी फसवणूक आहे. तेव्हा बाटली डॉक्टरांना दाखवा, ‘यात स्टिरॉइड आहे का, किती दिवस घालायचे?’ असे विचारा आणि सांगितल्या दिवशी पुन्हा तपासून घ्या.

डोळा दुखू लागला, उजेड सोसेनासा झाला, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आठवड्याच्या बाजाराची वाट पाहू नये. वावडे समूळ जाईलच असे नाही. पण ते ओळखले, डोळे चोळायचे नाहीत एवढे मुलाला शिकवले आणि औषध विचारून घातले, तर नजर शाबूत राहते.