कंपनीची पत्रे आणि तारखा संगणकावर सांभाळा

(शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक व व्यवस्थापक यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



कृषिविद्येचा माणूस ई-मेलवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. तण नियंत्रण, आंतरपीक, बीजप्रक्रिया हे माझे विषय. परंतु विस्तार कार्याच्या निमित्ताने आपल्या कंपन्यांच्या कार्यालयांत जाणे होते, आणि उत्तम पिकविणाऱ्या सभासदांची कंपनी पिकापायी नव्हे तर कागदापायी अडलेली दिसते. म्हणून आज खताच्या मात्रेऐवजी हा विषय घेतला आहे.

आमच्या भागातील एका कंपनीची हकिकत सांगतो, नाव सांगत नाही. केंद्र शासनाने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना सुरू केली. तीत व्यवस्थापन खर्चासाठी प्रत्येक कंपनीला तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे. या कंपनीची तीन वर्षे संपली, पगार परवडेना, म्हणून व्यवस्थापक दुसरीकडे गेला. मुलगा प्रामाणिक होता. पण कंपनीचा सगळा पत्रव्यवहार त्याच्या स्वतःच्या नावाच्या ई-मेलवर चालत असे. तुरीच्या एका खरेदीदाराने नमुना व भाव मागविणारे पत्र त्याच पत्त्यावर पाठविले. ते पंधरा दिवस कोणी उघडले नाही. खरेदीदाराने माल दुसरीकडून उचलला आणि सभासदांची तूर गोदामातच राहिली.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, ई-मेलचा पत्ता कंपनीच्या नावाने असावा. तो उघडताना जो मोबाइल क्रमांक द्यावा लागतो तोही कंपनीच्या सिमकार्डाचा असावा, कारण पासवर्ड विसरल्यास किंवा माणूस बदलल्यास खाते परत मिळविण्याचा मार्ग त्या क्रमांकावरून जातो. पासवर्ड किमान दोन संचालकांना ठाऊक असावा. व्यवस्थापक बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. मी एका कार्यालयात तो भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला पाहिला आहे, तसे मात्र करू नये. आणखी एक पाहावे. कंपनी निबंधकाकडे आपल्या कंपनीचा म्हणून जो ई-मेल नोंदविलेला आहे तो कोणाचा आहे? पुष्कळदा तो सनदी लेखापालाच्या कचेरीचा निघतो, आणि सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

पत्र लिहिणे फारसे अवघड नाही. विषयाच्या ओळीत 'नमस्कार' किंवा 'महत्त्वाचे' असे लिहू नये. 'सोयाबीन १०० क्विंटल, नमुना व भाव' असे लिहावे, म्हणजे सहा महिन्यांनी शोधले तरी पत्र सापडते. सीसी म्हणजे टंकलेखन यंत्राच्या काळातील कार्बन प्रत होय, ती कोणाकोणाला गेली हे सर्वांना दिसते. बीसीसीमध्ये घातलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत, म्हणून सर्व सभासदांना एकदम पत्र पाठवायचे असल्यास त्यांचे पत्ते तेथे घालावेत. फोनवर ठरलेला व्यवहार त्याच संध्याकाळी चार ओळींत लिहून पाठवावा. वजन, भाव, ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालेल, बारदान कोणाचे, वाहतूक कोणाकडे, पैसे किती दिवसांत, एवढे त्यात आले की पुरे. गाडी खरेदीदाराच्या दारात पोहोचल्यावर ओलाव्यावरून भाव पाडण्याची बोलणी सुरू होतात, तेव्हा त्या चार ओळी कामाला येतात. आणि 'आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यावर भरा' असे पत्र आले, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर फोन केला तर फसवणारा माणूसच 'होय' म्हणेल.

आता कॅलेंडरकडे वळू. आपल्या घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असते आणि तारखेच्या चौकटीत दुधाचे लिटर लिहिलेले असतात. ही सवय चांगली आहे. पण भिंतीवरची दिनदर्शिका हाक मारीत नाही. संगणकावरची किंवा मोबाइलवरची हाक मारते, आणि एकाच वेळी पाच संचालकांना मारते.

ही हाक आपल्यालाच जास्त का हवी, ते पाहा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. वार्षिक सर्वसाधारण सभा त्यापुढील सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेपासून ३० दिवसांत आर्थिक पत्रके एओसी-४ या नमुन्यात आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण ठरलेल्या नमुन्यात दाखल करायचे असते. सभा ३० सप्टेंबरला झाली तर या तारखा ३० ऑक्टोबर आणि २९ नोव्हेंबर येतात. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी-मळणी असते, नोव्हेंबरात हरभरा व गव्हाची पेरणी. नेमक्या या दिवसांत संचालक कार्यालयात फिरकत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? पण विलंब शुल्क प्रत्येक नमुन्याला दर दिवशी १०० रुपये आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन्ही नमुने २०० दिवस राहिले तर ४० हजार रुपये होतात. एवढ्या पैशांत किती पिशव्या बियाणे येते याचा हिशेब आपण माझ्यापेक्षा लवकर कराल.

म्हणून नुसती शेवटची तारीख नोंदवून भागत नाही. द्राक्ष बागाईतदार काढणीची तारीख धरून शेवटची फवारणी कधी थांबवायची हे उलटे मोजतो, तसेच येथे मोजावे. सभेची लेखी सूचना किमान १४ दिवस आधी जावी लागते आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद लागतो. वाड्यावस्त्यांवर सूचना पोहोचवायला आठवडा जातो. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूचना निघावी आणि ऑगस्टअखेर लेखापरीक्षण पुरे व्हावे. त्यासाठी पावत्या, खतावणी, बँकेचे उतारे लेखापरीक्षकाकडे जूनमध्ये द्यावे लागतील. परंतु जून-जुलैत पेरणी आणि कोळपणीच्या घाईत पावत्या कोण शोधणार? माझे मत असे की, हे काम मे महिन्यात, मृगापूर्वी उरकावे. कॅलेंडरमध्ये पहिली नोंद '१० मे, पावत्या गोळा करणे' अशी घाला, शेवटची तारीख मागाहून घाला.

नोंद करताना तीत संबंधित संचालकांचे ई-मेल पत्ते घालावेत, म्हणजे ती त्यांच्याही कॅलेंडरमध्ये दिसते. आठवण दोनदा ठेवावी, एक आठवडाभर आधीची व एक आदल्या दिवसाची. दरमहा येणारे काम, उदाहरणार्थ मासिक विवरण भरणाऱ्यांचे २० तारखेचे जीएसटी विवरण, 'दरमहा' असे निवडून एकदाच नोंदवावे. मात्र एओसी-४ व वार्षिक विवरणाच्या तारखा अशा कायमच्या टाकू नयेत. त्या प्रत्यक्ष सभेच्या तारखेपासून मोजायच्या असल्याने सभा झाल्या रात्रीच घालाव्यात. बीजोत्पादन घेणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक सभासदाची पेरणीची तारीख घालून फुलोऱ्यापूर्वी भेसळ काढण्याची आठवण तेथेच ठेवावी. मृग कधी लागला हे छापील पंचांग सांगेल, पण तुमच्या शेतात पाभर कोणत्या दिवशी चालली हे त्याला कसे कळणार?

चहानंतर आपण संगणक कक्षात जाऊ. कार्यालयातील मुलींना हे बहुतेक येते, म्हणून आज संचालकांनी स्वतः कळफलकावर बसावे आणि मुलींनी शेजारी उभे राहून सांगावे. आपल्या कंपनीची मागील सभा कोणत्या तारखेला झाली हे ज्यांना आठवत नसेल, त्यांनी चहा घेता घेता फोन करून विचारून ठेवावे.