रिजेक्शनच्या रकान्यातला पैसा



फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगल्याच्या वसाहतीपर्यंत जे ओतकाम आणि यंत्रकाम पसरलं, ते ऑइल इंजिनाच्या काळापासून मेस्त्रींच्या हातावर वाढलं. म्हणून ऑटोमेशनचा विषय निघाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : माणसं किती कमी होतील? मशीन विकायला येणारा प्रतिनिधीसुद्धा हाच हिशेब पुढे ठेवतो. मला वाटतं, हा हिशेब चुकीच्या टोकाकडून धरलेला आहे. त्यामुळेच आपल्यातले बरेच जण नको ते मशीन घेऊन बसतात किंवा हवं ते घ्यायला कचरतात.

एक उदाहरण मांडतो. यातले आकडे धरलेले आहेत, प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. समजा महिन्याला ५०० टन ओतकाम आहे आणि रिजेक्शन ८ टक्के. ते ४ टक्क्यांवर आलं तर २० टन माल वाचला. चांगल्या कास्टिंगचा भाव आणि तेच फोडून पुन्हा भट्टीत टाकताना त्याची उरणारी किंमत, यांत किलोमागे ४० रुपयांचा फरक धरला तर महिन्याला ८ लाख रुपये होतात. ऑर्डर कमी असेल आणि वाचलेला माल विकला जाणार नसेल, तर एवढे हातात येणार नाहीत, हे खरं. पण इंडक्शन भट्टीत एक टन वितळवायला ६०० युनिट धरले तरी १२ हजार युनिट वाचतात. आजच्या दराने वीजच लाखाच्या घरात जाते. आता दुसरी बाजू बघा. चार माणसं कमी केली, तर पगार, फंड, बोनस सगळं धरून महिन्याचा लाखभर रुपया वाचेल. आपण वर्षानुवर्षं लाखाकडे बघत बसलो आणि आठ लाख रिजेक्शनच्या रकान्यात जाऊ दिले.

हा पैसा नेमका जातो कुठे, ते सँड प्लांटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे एक जुने मेस्त्री होते. वाळू मळणाऱ्या मुलरमधून वाळू पडली की मूठभर घ्यायचे, दाबायचे, मधोमध मोडायचे, कड कशी तुटली ते निरखायचे आणि पाण्याचा व्हॉल्व्ह किंचित फिरवायचे. भाकरीचं पीठ जसं सुगरणीच्या हाताला कळतं, तशी वाळू त्यांना कळायची. त्यांची पाळी असली की माल चांगला निघायचा. अडचण त्यांच्या पाळीबाहेर होती. ग्रीन सँडमध्ये ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास राहावा लागतो. वाढला तर ब्लोहोल आणि पिनहोल येतात. घटला तर साच्याच्या कडा ढासळतात आणि सुटलेली वाळू धातूबरोबर वाहत कास्टिंगमध्ये जाऊन बसते. त्यात एप्रिल-मेच्या दुपारी परत आलेली वाळू नीट थंड न होताच मुलरमध्ये येते. घातलेलं पाणी साच्यापर्यंत पोहोचायच्या आत उडून जातं. आधी जाड जॉब ओतला असेल तर वाळू बांधून धरणारं बेंटोनाइट जास्त जळतं, पातळ जॉब असेल तर कमी. म्हणजे पाण्याचा योग्य आकडा दिवसभर एकच राहत नाही, प्रत्येक बॅचला तो नव्याने ठरवावा लागतो. रात्रीच्या पाळीला नवखा मुलगा हे सगळं कसं सांभाळणार?

आम्ही मुलरवर वाळूचं तापमान आणि कॉम्पॅक्टॅबिलिटी मोजून पाणी सोडणारा कंट्रोलर बसवला. कंपनीच्या इंजिनिअरने पुस्तकातली सेटिंग टाकून दिली होती. ती आम्ही तशीच ठेवली नाही. मेस्त्रींना मुलरजवळ बसवलं. ज्या बॅचला त्यांच्या मुठीने होकार दिला, तिचा आकडा लिहून घेतला, जॉबवार, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही ऋतूंत. तेच आकडे कंट्रोलरमध्ये घातले. त्यानंतर त्यांचा हात तिन्ही पाळ्यांना मिळू लागला आणि रात्रीच्या मालात ब्लोहोलची जी नेहमीची तक्रार असायची, ती उतरली. मेस्त्री सँड प्लांटचे इनचार्ज झाले, पगारही त्या पदाचा मिळू लागला. ऑटोमेशनची किंमत विचाराल तर मी या वाळूकडे बोट दाखवेन. उत्तम कारागिराचा निर्णय दर बॅचला, दर पाळीला, तो घरी झोपलेला असतानाही लागू होणं, हा त्याचा खरा नफा आहे.

या तंत्राचा उगमही हेच सांगतो. पीएलसीची, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरची, मागणी १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागातून पुढे आली. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंनी भरलेली पॅनेल उपटून नव्याने वायरिंग करावं लागे, आणि त्यात जाणारा वेळ आणि पैसा त्यांना सोसेना. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला तो ही गरज भागवायला. आणि त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती : प्रोग्रॅम लिहायची पद्धत रिलेच्या आकृतीसारखीच ठेवली, म्हणजे प्लांटमधल्या वायरमनला तो वाचता यावा. आपल्याकडे आज उलटं चित्र दिसतं. पॅनेल बनवणारा पीएलसीला पासवर्ड टाकतो आणि निघून जातो. एक सेन्सर बदलायचा म्हटलं तरी बाहेरगावच्या इंजिनिअरची वाट बघत लाइन उभी राहते, इकडे भट्टीत धातू तयार असतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे : पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या की प्रोग्रॅमची प्रत, पासवर्ड आणि मराठीतल्या खुणांसह वायरिंगची आकृती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही. ही एक ओळ लिहायला खर्च काही नाही.

नुसतं यंत्र आणून काय होतं, तेही त्याच जनरल मोटर्सने जगाला दाखवलं. १९८० च्या दशकात त्यांनी रोबोंवर अफाट पैसा ओतला आणि अपेक्षित फळ मिळालं नाही. त्याच काळात, १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटच्या बंद पडलेल्या कारखान्यात टोयोटाबरोबर त्यांनी भागीदारी सुरू केली. कामगार बहुतांशी जुनेच, यंत्रं साधीच, पण दोष दिसला की लाइन थांबवायचा अधिकार कामगाराच्या हातात. गुणवत्ता पार बदलली. टोयोटाची ही शिस्त मुळात मागाची आहे. साकिची टोयोडांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणून खराब कापड विणलं जात नसे आणि एक माणूस अनेक माग बघू शकत असे. पुढे इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. इचलकरंजीच्या शेजारी बसून आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मशीनशॉपबद्दल थोडक्यात बोलतो. व्हीएमसी घेतलं की आपण सायकल टाइमवर नजर ठेवतो, पण मशीन उभं किती राहिलं हे सहसा लिहीत नाही. आपल्यापैकी कोणाला रोबो घ्यायचा असेल, तर त्याआधी स्पिंडल फिरल्याचे तास मोजणारं साधं मीटर बसवावं आणि महिनाभर थांबण्याची कारणं लिहावीत. सेटिंग, इन्सर्टची वाट, गेज मोकळं नसणं, क्रेन दुसरीकडे असणं, अशीच कारणं निघतील. त्यातली बरीचशी रोबोने सुटत नाहीत आणि त्याच्या हप्त्याने तर नाहीतच.

एका जागी मात्र परताव्याची गणितं मांडत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. ती जागा म्हणजे फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणं, आणि शॉटब्लास्टिंग. तिथली सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत तो आहे. उद्योगातला पहिला रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात लावला तो तापलेली डायकास्टिंग उचलायला, म्हणजे माणसाला भाजणाऱ्या कामावर. आपल्या तरुणांनी फौंड्रीकडे पाठ फिरवली ती उगाच नाही. बिहार-ओडिशातून आलेली मुलं हे काम करतात आणि सणाला गावी गेली की आपले बॉक्स पडून राहतात. ग्राइंडिंगचं काम बंद केबिनमध्ये गेलं आणि बाहेर पॅनेलवर माणूस बसला, तर शिरोलीतला आयटीआयवाला मुलगा त्या कामाला येईल, आणि टिकेलही.

शेवटी, या परिषदेपुढे दोन ठराव ठेवतो. पहिला : एकट्या छोट्या युनिटला ऑटोमेशन इंजिनिअर परवडत नाही, पण सहा युनिटं मिळून एक सहज ठेवू शकतात. पगार वाटून घ्यावा, पॅनेल कोणाचंही बंद पडलं तरी तो दोन तासांत हजर व्हावा, आणि सहा जागचे प्रोग्रॅम त्याच्याकडे जपून असावेत. दुसरा : निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या वाळू, भट्टी आणि कोअरच्या मेस्त्रींचे आकडे या वर्षात नोंदवून घ्यावेत, आणि त्या कामाचं मानधन त्यांना वेगळं द्यावं. सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन वह्या ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत पहिल्या वहीत आपल्या युनिटचं नाव लिहा, दुसरीत आपल्या मेस्त्रींचं. दुपारच्या सत्रात त्या नावांवरूनच गट पाडू.