सेवाभावी क्लबांचे कार्य आणि आपली वस्ती
(विहाराच्या वर्धापनदिनी सावेडी येथे झालेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, ‘सेवाभावी क्लबांचे कार्य’. तो ऐकून आपल्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, “क्लब म्हणजे पत्ते कुटायची जागा ना रे?” सगळे हसले. पण आजींचं अगदीच चुकलं नव्हतं. या क्लबांची सुरुवात खरोखरच स्वतःपुरती झाली होती.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात चार माणसे एका कचेरीत जमली. पॉल हॅरिस हे वकील, बाकीच्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर आणि एक शिंपी. मोठ्या शहरात ओळखपाळख नाही, तेव्हा आपसांत मैत्री करावी, एकमेकांच्या धंद्याला हातभार लावावा, एवढाच हेतू. बैठक आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे अशी फिरती असे, म्हणून नाव पडले रोटरी. पुढे दोनच वर्षांत त्यांना वाटू लागले की नुसते आपलेच भले करून भागत नाही. त्यांच्या पहिल्या सार्वजनिक कामांपैकी एक काम कोणते होते? शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून केलेला पाठपुरावा! शौचालयासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागलेल्या वस्तीतल्या लोकांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

त्याच शिकागोत १९१७ साली मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्स क्लबची संघटना उभी राहिली. १९२५ साली हेलन केलर या अंध आणि बधिर विदुषीने लायन्सच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम ही लायन्सची ओळख झाली. भारतात रोटरी १९२० पर्यंत कलकत्त्यात येऊन पोचली, तर लायन्स १९५६ साली मुंबईत आली. आज आपल्या नगर शहरातही दोन्हींचे क्लब आहेत. मोतीबिंदूची शिबिरे, रक्तदान, शाळेच्या पोरांना वह्या, अपंगांना कॅलिपर अशी कामे आपण पाहत आलो आहोत.

एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. रोटरीत कित्येक दशके बायकांना प्रवेश नव्हता. एका क्लबाने बायकांना सभासद केले म्हणून त्या क्लबालाच काढून टाकले होते. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला आणि १९८९ साली रोटरीने आपला नियम बदलला. म्हणजे सेवा करणाऱ्यांनाही आपले दार कोणाला बंद आहे, हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आपल्यावरच उलटणार आहे.

या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठे काम आहे पोलिओचे. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना आठवत असेल. रात्री लेकराला ताप यायचा आणि सकाळी पाय लुळा पडलेला असायचा. घाण पाण्यातून, विष्ठेतून पसरणारा हा विषाणू. लागण झाल्यावर त्यावर औषध नाही, आधी डोस पाजणे एवढाच उपाय. रोटरीने १९७९ साली फिलिपिन्समध्ये साठ लाख मुलांना डोस देण्याचे काम हाती घेतले आणि १९८५ साली जगभरचा कार्यक्रम जाहीर केला. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते, १९८८ पर्यंत जमले त्याच्या दुप्पट. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत पोलिओ जगातून घालवण्याचा ठराव झाला. तेव्हा जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने अधू होत होती.

आपल्या देशात ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ या दोन दिवशी पहिल्यांदा देशभर पल्स पोलिओ झाला. लस सरकारची, यंत्रणा आरोग्य खात्याची. क्लबांनी पैसा, फलक आणि माणसे दिली. आपल्या विहाराच्या ओट्यावरही बूथ लागायचा. टेबल, दोन खुर्च्या, बर्फाची पेटी, आणि डोस पाजला की डाव्या हाताच्या करंगळीला शाई. आम्ही मंडळातली पोरं भोंगा घेऊन फिरायचो. क्लबाचे साहेब लोक गाडीतून यायचे, पहिला डोस पाजायचे, फोटो निघायचा. ते गेल्यावर दिवसभर उन्हात बसायच्या त्या अंगणवाडीच्या ताई आणि नर्सबाई. पेपरात त्यांचे नाव कधी आले नाही. आज या विहारातून त्यांना मनापासून वंदन करतो.

बूथवर सगळी मुले येत नाहीत, हे लक्षात आल्यावर १९९९ नंतर घरोघर जाणे सुरू झाले. घरातल्या सर्व मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने ‘पी’ लिहायचे. कोणी राहिले, घर बंद असले तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचेच. सगळ्या मोहिमेचा जीव या फुलीत होता.

आता आमची चूक सांगतो. त्या वेळी सावेडी आजच्यासारखी भरलेली नव्हती. पाइपलाइन रोड, भिस्तबागेकडे मोकळी रानं होती, बांधकामं निघाली होती. एका फेरीला आमच्या गल्ल्या आम्ही शंभर टक्के केल्या. प्रत्येक दारावर ‘पी’. संध्याकाळी मोठ्या दिमाखात नर्सबाईंना यादी दिली. बाईंनी यादी पाहिली आणि विचारलं, “त्या बांधकामाच्या मागं पालं पडलीत, तिथली पोरं कुठायत?”

आमच्यातला एक जण बोलून गेला, “बाई, ती आपल्या वस्तीतली नाहीत.”

बाई काही बोलल्या नाहीत. नुसतं आमच्याकडे पाहिलं, मग मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता त्याच्याकडे पाहिलं. पेटी उचलली आणि चालायला लागल्या. आम्ही खाली माना घालून त्यांच्या मागे गेलो. त्या पालांवर दारच नव्हतं, मग ‘पी’ लिहिणार कुठं आणि फुली मारणार कुठं? नऊ पोरं निघाली. एकाच्याही करंगळीला शाई नव्हती.

बंधू-भगिनींनो, गावकुसाबाहेर ठेवल्याचे दुःख ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांनीच आपल्या यादीला कुसू घातले होते. त्या रात्री आम्हाला जेवण गोड लागले नाही.

देशातही पोलिओ शेवटपर्यंत टिकला तो अशाच यादीबाहेरच्या मुलांमध्ये. वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची, पुराने वेढलेल्या वाड्यांतली मुले. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण होते, जगात सर्वांत जास्त. मग एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, भट्ट्या, पालं, सगळीकडे पथके उभी राहिली. २०१० साली आकडा ४२ वर आला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. पैसा क्लबांनी दिला हे खरे, पण फुलीच्या घरी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या पायांनी रोग घालवला, हेही तितकेच खरे.

मग आपले कर्तव्य काय? काही जण म्हणतात, क्लबवाले श्रीमंत, त्यांचे उपकार आपल्याला नकोत. काही जण म्हणतात, फुकट मिळतंय तर रांगेत उभं राहावं. आम्हाला दोन्ही पटत नाही. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्या सभेत इतर समाजातले मान्यवर होते, त्यांची मदतही होती. पण गरज काय आणि काम कोणते हे आपल्या माणसांनी ठरवले होते.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. विहारात एक वही ठेवू या. कोणाला मोतीबिंदू आहे, कोणाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र राहिले आहे, कोणत्या लेकराचा डोस चुकला आहे, ते महिला मंडळाने त्यात लिहावे. पोलिओचा विषाणू अजून पाकिस्तान-अफगाणिस्तानात आहे, तेव्हा डोसाच्या दिवशी गाफील राहायचे नाही. शिबिर घेऊन क्लब आला की आपण वही पुढे ठेवायची आणि म्हणायचे, साहेब, एवढी माणसे आहेत, चला बरोबर.

आणि त्या वहीची शेवटची काही पाने कोरी ठेवायची. ती आपल्या वस्तीतली नाहीत अशांसाठी.