कष्ट बाईचे, कागद बाप्याचा

(महिला शेतकऱ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संक्षिप्त केलेला मजकूर)

मला विषय दिला होता 'आफ्रिकेतील स्त्रिया आणि विकास'. आफ्रिका म्हणजे ५४ देश. त्या सगळ्यांबद्दल तासाभरात बोलायचं म्हणजे 'आशियातल्या बायका' म्हणून जपानची बाई आणि अफगाणिस्तानची बाई एकाच वाक्यात कोंबण्यासारखं आहे. म्हणून मी एकच देश घेते, केनिया. १९८५ साली जागतिक महिला परिषद तिथेच, नैरोबीला भरली होती, आणि आपल्या चळवळीतल्या जुन्या जणींच्या बोलण्यात ते नाव अजून येतं. मी स्वतः जमिनीच्या प्रश्नावर काम करते आणि ते करता करता केनियाकडे ओढली गेले. कारण तिथे जे घडलं ते समजून घेतलं की आपल्या तलाठ्याच्या दप्तराकडेही वेगळ्या नजरेनं बघता येतं.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी केनियातला थंड, सुपीक डोंगराळ भाग गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवला. त्याला नावच पडलं 'गोऱ्यांचा डोंगरी मुलुख'. किकुयू आणि इतर लोकांना राखीव पट्ट्यांत कोंबलं. वर झोपडीपट्टी बसवली, म्हणजे झोपडीवरचा कर. कर रोख भरायचा, आणि रोख पैसा मिळणार फक्त गोऱ्यांच्या मळ्यावर किंवा शहरात मजुरी करून. पुरुष गेले. मागे राहिली बाई, अपुरी जमीन आणि घरातली सगळी तोंडं. 'आफ्रिकेत शेती बायकाच करतात' असं आपण सहज म्हणतो. शेती बायका पूर्वीही करत होत्या, पण सगळा भार एकटीच्या पाठीवर येणं ही परंपरा नव्हे, त्यामागे कर वसूल करणारं सरकार होतं.

बायका गप्प बसल्या नाहीत. मार्च १९२२ मध्ये हॅरी थुकू या पुढाऱ्याला अटक झाली. मळ्यांवर बायका-मुलींना सक्तीनं कामाला लावलं जातं, ही त्याची एक मोठी तक्रार होती. नैरोबीच्या पोलीस चौकीबाहेर जमाव जमला. पुरुष पुढारी माघारी फिरायला लागले तेव्हा मेरी मुथोनी न्यान्जिरू नावाच्या बाईनं आपलं वस्त्र वर उचललं आणि पुरुषांना सुनावलं की हे तुम्ही घ्या, तुमच्या विजारी आम्हाला द्या. जमाव पुन्हा उसळला, गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे २१ माणसं मेली. त्यात मुथोनीही होती.

आपल्याकडे पुरुषाला बांगड्यांचा आहेर करतात. मला ती रीत कधीच पटली नाही, कारण त्यात बाई असणं हीच शिवी असते. किकुयू बाईनं वस्त्र उचलण्याचा अर्थ उलटा आहे. जिनं जन्म दिला तीच शाप देते आहे, असा. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९४८ साली मुरांगा भागात बायकांनी बांधबंदिस्तीच्या सक्तीच्या कामावर बहिष्कार घातला. जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकार उतारावर पायऱ्या खणून घेत होतं, आणि खणत होत्या बायका, घरचं सगळं सांभाळून. धूप का झाली? गोऱ्यांनी चांगली जमीन घेतली आणि उरलेल्या तुकड्यावर वर्षानुवर्षं विसावा न देता पीक घ्यावं लागलं म्हणून. ते मात्र कुणी बोलायचं नाही.

आता कागदाची गोष्ट. जुन्या रिवाजात जमीन कुळाची असायची. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बायकोला तिचा तुकडा मिळे. त्यात ती पोटाचं पिकवी आणि त्या धान्यावर तिचाच हात असे. हा काही सुवर्णकाळ नव्हता. नवरा मेला, मुलगा नसला, तर तिची अवस्था नाजूकच. पण तुकडा होता, आणि तो सगळ्या भावकीला माहीत होता. माऊ माऊ बंडाच्या काळात, १९५२ नंतर, आणीबाणी लागली. लाखो किकुयूंना काटेरी कुंपणाच्या वसाहतींत नेऊन ठेवलं. पुरुष छावण्यांत कैद, नाहीतर जंगलात. अशा वेळी, १९५४ मध्ये, स्विनर्टन योजना आली. विखुरलेले तुकडे एकत्र करा, एकेका मालकाच्या नावानं पट्टा द्या, त्यावर कॉफी-चहासारखं नगदी पीक घ्या. मालक कोण? कुटुंबप्रमुख. म्हणजे पुरुष.

बाईचा तुकडा या नोंदणीत विरघळून गेला. कुणी तो हिसकावून घेतला नाही. तो फक्त लिहिला गेला नाही. आधी रिवाजाप्रमाणे नवऱ्याला तिचा तुकडा सहज विकता येत नव्हता. आता कागद त्याच्या हातात होता, तो गहाण ठेवू शकत होता, विकू शकत होता. स्वातंत्र्य १९६३ साली आलं तरी हा कागद तसाच राहिला.

कॉफीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं स्वच्छ दिसतं. बहुतेक भागात आफ्रिकी शेतकऱ्याला कॉफी लावायला पूर्वी बंदी होती. ती उठली आणि घरोघर कॉफी आली. खुरपणी, खत, लाल फळं एकेक बघून तोडणं, ती पाठीवरून सोसायटीच्या केंद्रावर नेणं, हे बाईचं आणि पोरांचं काम. सोसायटीचा सभासद मात्र जमिनीचा मालक. पैसे काही महिन्यांनी, खताची-औषधाची वजावट होऊन, त्याच्या नावावर. आपल्याकडे उसाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? मग ही गोष्ट मला जास्त समजावून सांगायला नको.

जुलै १९८९ मध्ये कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा-करार मोडला आणि जागतिक बाजारात भाव साधारण निम्म्यावर आले. तोवर नवऱ्याकडून थोडंफार हातात पडत होतं, तेही बंद झालं. मारागुआ भागातल्या बायकांनी त्याच्या आधीपासूनच आपला मार्ग काढायला सुरुवात केली होती. आधी कॉफीच्या ओळींत घेवडा पेरला. मग झाडांची निगा राखणं सोडलं. मग झाडं उपटायलाच लागल्या, खोडं चुलीत घातली आणि तिथे केळी लावली. कॉफीचं झाड तोडणं तेव्हा कायद्यानं गुन्हा होता. सरकारला परकीय चलन हवं होतं, नागरी बँकांना आणि जागतिक बँकेला कर्जाचे हप्ते. केळ्याचा घड मात्र बाई स्वतः बाजारात नेते, रोख पैसे स्वतः मोजून घेते, आणि नाही विकला तर पोरं खातात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला 'मागासलेली निर्वाह शेती' म्हणतात. मी याला संप म्हणते.

या बायकांच्या पाठीशी त्यांचे गट होते. एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं राबण्याची जुनी रीत होतीच. स्वातंत्र्यानंतर त्यातून 'माबाती' गट निघाले. माबाती म्हणजे स्वाहिलीत पत्रा. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे काढायचे आणि एकीच्या घरावर पत्रे घालायचे, पुढच्या खेपेला दुसरीच्या. आपली भिशीच. पण पत्र्यालाच का? गवती छपराचं पाणी गोळा करता येत नाही, पत्र्याचं येतं. पत्रा आला की पावसाळ्यात डोक्यावरच्या हंड्याची पायपीट वाचली. बाईचा वेळ वाचवणारी गोष्ट बाईच आधी ओळखते. १९७७ साली वांगारी माथाई यांनी महिला परिषदेच्या आधारानं झाडं लावण्याची चळवळ सुरू केली, ती अशाच गटांतून वाढली. बायकांना जळण, चारा, पाणी लांबून आणावं लागत होतं. रोपवाटिका त्यांनी स्वतः केल्या, आणि जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळत. तीन कोटींवर झाडं लागली, २००४ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात सत्ताधारी पक्ष साठ मजली इमारत बांधणार होता, ती याच बाईनं विरोध करून अडवली, आणि त्या वेळी राष्ट्राध्यक्ष मोई यांनी तिला आफ्रिकी परंपरेप्रमाणे पुरुषांचा मान राखून गप्प राहण्याचा उपदेश केला होता, हे कमी सांगितलं जातं.

परंपरा हा शब्द आला की मला एक खटला आठवतो. डिसेंबर १९८६ मध्ये एस. एम. ओटिएनो हे नैरोबीतले नामांकित वकील वारले. ते लुओ, त्यांची बायको वांबुई किकुयू. माऊ माऊच्या काळात काम केलेली, इंग्रजांच्या कैदेत राहिलेली बाई. तिला नवऱ्याला त्यांच्या नैरोबीजवळच्या जागेत पुरायचं होतं. नवऱ्याची भावकी म्हणाली, प्रेतावर हक्क आमचा, मूळ गावीच पुरणार. पाच महिने प्रेत शवागारात राहिलं, देशभर वाद पेटला. मे १९८७ मध्ये अपील न्यायालयानं भावकीच्या बाजूनं निकाल दिला. तुम्ही म्हणाल, पुरण्यावरून एवढं काय? पण नवरा जिथे पुरला जातो तिथे कुणाचा शब्द चालतो हे ठरतं, आणि ज्या बाईला प्रेतावर हक्क नाही तिला पुढे जमिनीवर तरी काय मिळणार? वारसा कायदा तर १९८१ पासून अमलात होता आणि त्यात मुलगा-मुलगी बरोबरीचे होते. तरी विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत फक्त तहहयात हक्क, आणि तिनं दुसरं लग्न केलं की तोही संपायचा. विधुराला मात्र ही अट नव्हती. कायद्यातला हा भेद २०२१ साली काढला. चाळीस वर्षं लागली.

फेब्रुवारी १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया उहुरू पार्कात उपोषणाला बसल्या. बहुतेक खेड्यातल्या, वयस्क. मागणी एकच, आमची पोरं सोडा. ३ मार्चला पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. तेव्हा काही म्हाताऱ्यांनी पोलिसांपुढे कपडे उतरवले. सत्तर वर्षांपूर्वीच्या मुथोनीचाच शाप. आपल्याकडे २००४ साली इंफाळला कांगला किल्ल्यासमोर मणिपूरच्या आयांनी जे केलं ते आठवा. केनियाच्या आया तिथून एका चर्चच्या तळघरात गेल्या आणि जवळजवळ वर्षभर तिथे तग धरून राहिल्या. बहुतेक कैदी सुटले.

२०१० च्या राज्यघटनेला या सगळ्याची पार्श्वभूमी आहे. जमिनीच्या व्यवहारात लिंगभेद नको, हे त्यात लिहिलं आहे. कुठल्याही निवडून येणाऱ्या संस्थेत एकाच लिंगाचे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त सदस्य नसावेत, हेही आहे. जिल्ह्यासारख्या ४७ परगण्यांच्या सभांत ते पाळलं जातं, कारण कमी पडलेल्या बायका नेमून भरायची पद्धत घटनेतच सांगितली आहे. संसदेसाठी पद्धत ठरवण्याचं काम संसदेवर सोडलं, आणि संसदेनं ते पुन्हा पुन्हा टाळलं. सप्टेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी संसद बरखास्त करा, असा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला. झालं काहीच नाही. २०२२ मध्ये ४७ पैकी ७ परगण्यांत बायका गव्हर्नर झाल्या, पण लोकसभेसारख्या सभागृहात मतदारसंघांतून निवडून आलेल्या बायका जेमतेम दहावा हिस्सा. आपल्याकडे ग्रामपंचायतीतलं आरक्षण १९९३ मध्ये आलं आणि लोकसभेचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं, तोही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला टांगलेला. मला वाटतं, 'कसं करायचं' हे जिथे लिहिलेलं नसतं तिथे हक्क लटकतोच.

आणि जमीन? २०१३ ते २०१७ या काळात दिलेल्या पट्ट्यांपैकी सुमारे दहा लाख पट्टे केनियातल्या एका जमीन-हक्क संघटनेनं तपासले. बायकांच्या नावावर सुमारे १० टक्के पट्टे, आणि क्षेत्र बघितलं तर २ टक्क्यांहूनही कमी. २०१३ च्या वैवाहिक मालमत्ता कायद्यात घरकामही योगदान धरलं आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निम्मा वाटा आपोआप मिळणार नाही, ज्यानं त्यानं आपलं योगदान सिद्ध करायचं. चाळीस वर्षं आणलेल्या पाण्याची पावती कुठून आणणार?

ज्यांच्याकडे जमीन नाही त्या बायका नैवाशा तळ्याकाठी फुलांच्या कामाला जातात. युरोपातल्या गुलाबांचा फार मोठा भाग तिथून जातो. आपल्या तळेगावच्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबाला बाहेर गाठ पडते ती याच गुलाबाशी. व्हॅलेंटाइनच्या आधीचे आठवडे रात्री उशिरापर्यंत काम. वर्षानुवर्षं 'हंगामी' कामगार, औषध फवारल्यावर लगेच आत पाठवणं, कायम करतो म्हणून मुकादमानं केलेली मागणी, या तक्रारी १९९०च्या दशकापासून नोंदल्या गेल्या आहेत. काही मळ्यांत युनियनमुळे बाळंतपणाची रजा आणि लेखी करार आलेही. पण २०२३ मध्ये चहाच्या मळ्यांवरच्या सत्तरहून अधिक बायकांनी बीबीसीला लैंगिक छळाबद्दल सांगितलं, म्हणजे ते दुखणं गेलेलं नाही. तिथे आपली माणसंही मालक आहेत बरं का. बंगळुरूच्या एका कंपनीनं २००७ मध्ये नैवाशाचा एक मोठा मळा घेतला, २०१४ मध्ये तो दिवाळखोरीच्या कारभाऱ्यांकडे गेला आणि कामगारांचे पगार अडकले.

तिथल्या कार्यकर्त्यांत एक वाद आहे, तो तुमच्यापुढे ठेवते. काही जणी म्हणतात, बाईच्या नावानं पट्टा हीच किल्ली. दुसऱ्या म्हणतात, पट्ट्यानंच तर घात केला. पट्टा आला की कर्ज आलं, कर्ज आलं की विक्री आली. मागायचं तर सामूहिक हक्क मागा. मला दुसऱ्यांचं म्हणणं इतिहास म्हणून बरोबर वाटतं. पण सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या विधवेला मी सामूहिक हक्काची वाट बघ असं सांगू शकत नाही. तिच्या हातात आज कागदच लागतो. तुमच्यातल्या ज्यांनी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी जमीन नावावर करून घेतली, त्यांनी पुढे काय झालं ते सांगावं. उतारा नावावर, पण पीककर्ज कुणी काढलं, सोसायटीत सही कुणी केली?

जेवणानंतर गट करू. सातबारा आणायला सांगितला होता, तो काढून ठेवा. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलं आहे ते आधी वाचू.